डॉक्टरसाहेबांची गाडी सुरू होत नाही

माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काल तर चांगली चालली होती." उभ्या आयुष्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की सुरुवातीला वाटायचं, विचारावं, बाबा, बंद पडणारी कोणती गोष्ट आदल्या दिवशी चालू नसते? पण कधी विचारलं नाही. गाडी सुरू न झालेला माणूस आधीच दुखावलेला असतो. त्याला कुठंतरी पोचायचं असतं, आणि जिच्या भरवशावर निघाला तिनं दारातच पाय रोवलेले असतात. त्याला शहाणपण ऐकायचं नसतं.

मी मेहकरात मोटारींच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं काम करत आलो. आता दुकानात रोज बसत नाही, डोळ्यांना बारीक वायरी नीट दिसत नाहीत. पण जुन्या ओळखीतला कुणाचा फोन आला की हत्यारांची पिशवी उचलतो आणि निघतो. बायको म्हणते, तुम्हाले घरात गमत नाही. तेही खरंच आहे.

आमच्या धंद्यात बाहेरच्याला वाटतं तेवढं गूढ काही नसतं. सुरू न होणारी गाडी एक तर मुकी असते, नाहीतर धापा टाकणारी. मुकी म्हणजे चावी फिरवली तरी हूं नाही की चूं नाही, फार तर टकटक. तिथं बहुतेक वेळा बॅटरी बसलेली असते. कुणाचं दार नीट लागलेलं नसतं आणि आतला दिवा रात्रभर जळतो. कुणाच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली असते. ती मी गरम पाणी टाकून जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढतो आणि गाडी लगेच सुरू होते. मग मालकाच्या तोंडावर एक नाराजी दिसते. काहीच नवीन बसवलं नाही म्हणजे याने काही केलंच नाही, असं त्याला वाटतं. याच्या उलट, एखादा पार्ट बदलून हातात जुना दिला की तो खूश.

दुसरी धापा टाकणारी. चावी फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी एक मोटर असते, तिला आम्ही सेल्फ म्हणतो. सेल्फ घरघर घरघर फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. तिथं एक तर पेट्रोल पोचत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही. पेट्रोल खरोखरच संपलेलं असतं आणि काटा अर्ध्यावर अडकलेला असतो, असंही मी पाहिलं आहे. सोयाबीन घरी आलं की त्याच्यामागं उंदीर येतात, आणि सोयाबीन सोडून गाडीच्या वायरी खातात. का खातात, हे मला अजून कळलेलं नाही.

एकदा दुसरबीडहून फोन आला. नवरदेवाची गाडी चहाला थांबली ती पुन्हा सुरूच होईना. मी पोचलो तर नवरदेव फेटा बांधून टपरीच्या बाकावर, आणि चारपाच पाव्हणे बॉनेटमध्ये डोकी घालून उभे. बटन दाबून सुरू होणारी नवी गाडी होती. मी विचारलं, चावी कुठं आहे? ते म्हणाले, या गाडीले चावी लागतच नाही. लागते हो, फक्त ती खिशात असली तरी चालतं. त्यांची चावी नवरदेवाच्या बहिणीच्या पर्समध्ये होती, आणि बहीण मागच्या गावात उतरून वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसली होती. इंजिन चालू असताना चावी दूर गेली तर गाडी चालत राहते, पण एकदा बंद केली की मग अडते. बस थांबवून चावी परत येईपर्यंत मी नवरदेवाशेजारी बसून चहा प्यायलो. दुरुस्त काहीच केलं नव्हतं, तरी त्या लग्नात मला शेला-नारळ मिळाला. माझ्या सगळ्या कारकिर्दीतला तो एकमेव सत्कार.

जळगाव जामोदला माझे साडू असतात. त्यांनी बिनक्लचची गाडी घेतली आणि पंधरवड्यात फोन केला, की मुकी झाली. मी म्हटलं, दिवे लागतात का? लागतात. हॉर्न वाजतो का? जोरात. म्हटलं, तसली गाडी गिअरमध्ये असली की सुरूच होत नाही, गिअर न्यूट्रलवर आणा, ब्रेक दाबा आणि सेल्फ मारा. सुरू झाली. साडूंनी हे घरात कुणालाही सांगू नको म्हणून मला बजावलं. आता इथं लिहिलं, पण ते दिवाळी अंक वाचत नाहीत.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की गाडी सुरू न होण्याची कारणं मला बरी ठाऊक होती, असं मी समजत होतो. वानखडे डॉक्टरांच्या गाडीनं मला एक कारण नवीन शिकवलं.

वानखडे डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत त्यांनी आमचा तालुका आणि आजूबाजूचा भाग पायाखाली घातला. मी शाळकरी होतो तेव्हा आमची म्हैस अडली होती. रेडकू पोटात आडवं आलेलं. भर उन्हात डॉक्टर जीपमधून उतरले, शर्ट काढून खुंटीला अडकवला, खांद्यापर्यंत हात घातला आणि बऱ्याच वेळानं रेडकू ओढून काढलं. दोन्ही जीव वाचले. डॉक्टरांनी साबण आणि गरम पाणी मागितलं, गूळ टाकून केलेला चहा प्यायला आणि पुढच्या गावाला गेले. माझी आई त्यानंतर त्यांचं नाव निघालं की डोक्यावरचा पदर सावरायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या कॉलनीत घर बांधलं. घरात ते आणि त्यांच्या मिसेस, दोघंच. मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. मुलगा पुण्याला. डॉक्टरांकडे लाल रंगाची छोटी पेट्रोल गाडी होती. निवृत्तीनंतरही ते ती घेऊन खेड्यापाड्यांत जायचे. कुणाची गाय आजारी आहे कळलं की नुसतं बघून यायचे. म्हणायचे, सरकारनं मला रिटायर केलं, गायींनी नाही केलं.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास त्यांचा फोन आला. "रामदास, गाडी रुसली बे. येऊन पाहून जा."

मी गेलो. जय भीम झाला, डॉक्टर चावी घेऊन बाहेर आले. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी चांगली. इंजिन धरत नव्हतं. मी मागच्या सीटवर कान लावला आणि त्यांना नुसती चावी उघडायला सांगितली. चावी उघडली की मागं टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो, पेट्रोल पुढं ढकलतो. गुणगुण आली नाही. फ्यूजचा डबा उघडून बघितला तर पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी.

फ्यूज म्हणजे नखाएवढी वस्तू. जास्त करंट आला तर स्वतः जळतो आणि पुढचं वाचवतो. जळलेला फ्यूज मी हजारदा पाहिला. पण जळलेला फ्यूज जागेवरच असतो, तो उठून कुठं जात नाही. मला वाटलं, आधी कुणीतरी काम केलं असेल आणि बसवायचा विसरला असेल. मी पिशवीतला एक लावला. गाडी पहिल्या चावीत सुरू झाली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाईंनी चहा आणला. दरवेळी मुलांची, नातवाची चौकशी करणाऱ्या बाई त्या दिवशी कप ठेवून आत निघून गेल्या.

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तेच. सेल्फ फिरतो, पंप बोलत नाही, फ्यूजची जागा रिकामी. पुन्हा एक लावला. या खेपेला मी डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं, जसं काही झाकणाचीच चूक होती.

तिसऱ्या खेपेला डबा उघडला आणि मी तसाच वाकून राहिलो. आता हे कुणीतरी काढतं, एवढं न समजण्याइतका मी नवखा नव्हतो. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या खिडकीत बाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी नजर काढली नाही. डॉक्टर बाजूला उभे राहून मला कुठल्याशा खेड्यातल्या बैलजोडीची गोष्ट सांगत होते. मी फ्यूज लावला, गाडी सुरू करून दिली, चहा नको म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाजीची पिशवी घेऊन दुकानावर आल्या. मी स्टूल दिला. त्या बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन सगळं एका दमात सांगितलं, शाळेत धडा समजावून सांगावा तसं.

पावसाळ्यात डॉक्टर दुसरबीडला एका ओळखीच्याकडे भेटायला म्हणून गेले. दुपारपर्यंत यायला हवे होते. संध्याकाळ व्हायच्या बेताला एका ढाब्यावाल्याचा बाईंना फोन आला, की एक म्हातारेबुवा इथं गाडी बंद करून बसले आहेत, काही सांगत नाहीत, त्यांच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर पहिला होता. ढाबा दुसरबीडच्या कितीतरी पुढं, जालन्याच्या बाजूला. बाई शेजाऱ्याला सोबत घेऊन तिकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, पेट्रोल संपलं होतं. शेजाऱ्यानं गाडी सुरू केली आणि घरी आणली. पेट्रोल होतं. घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, नवे रस्ते झाले, पूल झाले, कुठून कुठं चढावं तेच समजत नाही. बाईंनाही ते पटलं. नवे रस्ते झालेच होते.

मग कॉलनीतच एक गोष्ट झाली. शेजारची मुलगी सायकलवरून शाळेतून येत होती. डॉक्टरांनी तिला बघितलं, आणि ब्रेकच्या जागी पाय दुसरीकडेच पडला. मुलीनं सायकल सोडून उडी मारली म्हणून वाचली. सायकलचं पुढचं चाक गाडीखाली गेलं. डॉक्टर घाबरून ब्रेक फेल झाला म्हणत राहिले. ब्रेक चांगले होते, बाईंनी दुसऱ्याच गॅरेजमधून तपासून घेतले होते.

बाईंनी त्यांना गाडी सोडा म्हणून सांगून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात कधी आवाज न चढवलेला माणूस त्या दिवशी ताट सरकवून उठला. मुलानं फोनवर गाडी विकून टाका म्हटलं, तर डॉक्टरांनी त्याच्याशी बोलणंच बंद केलं.

"मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले," बाई म्हणाल्या. "गाडी सुरू का होत नाही, म्हणून विचारलं. लोक ते गाडी सुरू करायला बघतात. मी उलटं बघितलं. बॅटरीची वायर माझ्यानं निघाली नाही. हा फ्यूज निघाला."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. बाई रडत नव्हत्या, पण त्यांनी पिशवीचे बंद बोटांभोवती इतके घट्ट गुंडाळले होते की बोटं पांढरी पडली होती. त्यांचं मागणं एवढंच होतं, की पुढच्या वेळी मी पार्ट मिळत नाही म्हणावं. जुनी गाडी आहे, पार्ट येणं बंद झालं, असं. माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवतील.

तोच तर घोळ होता. ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील. खांद्यापर्यंत हात घालून आमची म्हैस वाचवणाऱ्या माणसाला मी खोटं सांगायचं, आणि त्यांनी मान डोलवून ते ऐकायचं. आणि नाही सांगितलं, तर ती सायकलवरची मुलगी. मी बाईंना म्हणालो, मी फ्यूज लावून निघून जाणार नाही, एवढा शब्द देतो. पुढचं मला विचार करू द्या.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही एवढे दिवस फक्त गाडी पाहून राह्यले, एकदा त्यायले गाडी चालवताना पाहा. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांच्याकडे इतक्यांदा गेलो, पण त्यांना रस्त्यावर गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं.

पुढचा फोन आला तेव्हा मी भरदिवसा, चांगलं ऊन असताना गेलो. फ्यूज लावला आणि म्हटलं, साहेब, अशी नुसती सुरू करून उपयोग नाही, रस्त्यावर घेऊन बघावी लागेल, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग म्हणाले, चाल.

आम्ही सुलतानपूरच्या बाजूला निघालो. खरं सांगतो, गावाबाहेर पडेपर्यंत मला वाटलं की बाईंचंच काहीतरी चुकत असेल. गिअर, क्लच, आरसा, सगळं हाताला सवयीचं. डॉक्टर खुशीत होते. इथं पह्यले मोठा कडुनिंब होता, या वस्तीवर एका गायीचं शिंग मोडलं होतं, असं सांगत होते. तुरी फुलल्या होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं. एका ठिकाणी त्यांनी आतल्या रस्त्याला गाडी घातली, एक वस्ती दाखवली, तिथून दुसऱ्या रस्त्यानं बाहेर निघालो आणि एका तिठ्यावर आलो.

तिठा म्हणजे काही अवघड नव्हता. एक रस्ता परत मेहकरला, एक दुसरीकडे. पाटी कधीचीच पडलेली, पण डॉक्टरांना पाटीची गरज नव्हती. त्या तिठ्यावरून ते सायकल, मोटरसायकल, जीप सगळ्यावर गेलेले.

गाडी थांबली. त्यांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी डावा हात वर केला.

"थांब. सांगू नको."

 इंजिन चालू होतं. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, बहुतेक गावांची नावं घेत होते. मागून एक ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न वाजवला, मग बाजूनं काढून निघून गेला. डॉक्टर तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, तो कुठल्या रस्त्याला वळतो ते. त्यातूनही काही हाती लागलं नाही. शेवटी त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"नाई येऊन राह्यलं," ते म्हणाले.

त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.  मग म्हणाले, "तू संगं काऊन आला, ते मले घरीच समजलं होतं. आन् फ्यूज मंदा काढते, तेही मले माहीत हाये."

 त्यांनी सांगितलं, की एका सकाळी ते फिरून परत आले तर बाई मोबाइलचा उजेड पाडून गाडीत डोकं घालून उभ्या होत्या. ते गेटातूनच मागं फिरले आणि कॉलनीला आणखी एक चक्कर मारून आले, म्हणजे तिला वाटायला नको की आपल्याला कुणी बघितलं.

"मंग मले काऊन बलावत होते, साहेब?"

"तू सांगशील म्हनून," डॉक्टर म्हणाले. "मंदा सांगते तं मले राग येते. पोरगा सांगते तं राग येते. वाटलं, रामदास सांगीन. तू तं दर खेपेले फ्यूज लावून जाऊन राह्यला."

बाहेर तुरीच्या शेतात कुणीतरी पाखरं हाकत होतं. डॉक्टर काचेतून तिकडे बघत बोलत राहिले. म्हणाले, जन्मभर मी लोकांच्या गोठ्यात उभं राहून सांगत आलो, हा बैल आता औताला जुंपू नका. माणसं तोंड फिरवून रडायची, काही जण शिव्या द्यायची. पण सांगावंच लागायचं. नाही सांगितलं तर जनावराचे हाल, आणि धन्याचेही.

"मले सांगाले कोनी नाई," ते म्हणाले.

 इतक्या माणसांना मी त्यांच्या गाड्यांबद्दल वाईट बातम्या सांगितल्या होत्या. इंजिन गेलं, आता खर्च करू नका, हिला भंगारात द्या. ते सगळं सोपं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "आता बस करा."

त्यांनी मान हलवली. जरा वेळानं दार उघडून उतरले, बॉनेटवर हात टेकत टेकत समोरून फिरून डाव्या बाजूला आले आणि माझं दार उघडून उभे राहिले. मी उतरलो. ते माझ्या जागेवर बसले, पट्टा लावायला लागले तर तो त्यांना सापडेना. त्या बाजूला बसायची सवयच नव्हती. मी वाकून लावून दिला.

 परतताना गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "मंदाले सांगू नको, मले माहीत होतं म्हनून. लय मेहनतीनं शिकली ते."

बाई गेटातच उभ्या होत्या. चालवायच्या जागेवर मला बघून त्यांचा हात तोंडाकडे गेला. डॉक्टर उतरले, माझ्याकडून चावी घेतली आणि बाईंच्या हातात दिली.

"घे. तुह्यापाशी राहू दे. माह्यापाशी हरपते."

बाईंनी मूठ मिटली. चहा ठेवते म्हणून आत गेल्या. मी आणि डॉक्टर ओसरीत बसलो. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही, आणि आम्ही दोघांनीही तिकडं लक्ष नाही असं दाखवलं.

बाईंनी पुढं स्वतः गाडी शिकायचा प्रयत्न करून बघितला. क्लासच्या गाडीवर बऱ्यापैकी जमलं, पण घरची गाडी काढताना गेटाचा खांब पाडला. त्या दिवशी डॉक्टर पोटभर हसले असं बाईंनी मला सांगितलं, आणि त्या स्वतःही सांगताना हसत होत्या. मग असं ठरलं, म्हणजे ठरवलं कुणीच नाही, की रविवारी मी जायचं. गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, तेव्हा तिला फिरवून आणणं गरजेचंच होतं, हे कारण आम्हा तिघांनाही पुरलं. डॉक्टर डावीकडे, बाई मागं, मी चालवायला. ते म्हणतील त्या गावाला जायचं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं नाही, तर बाई सांगायच्या.

डॉक्टरांचं विसरणं हळूहळू वाढत गेलं. आधी रस्ते गेले, मग गावांची नावं, मग माणसं. मुलगा पुण्याहून येऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवून आला. बापलेकांचं बोलणंही सुरू झालं, कारण भांडण कशावरून झालं होतं हे डॉक्टरांच्या लक्षात राहिलं नव्हतं. एका रविवारी त्यांनी गाडीत बसताना मला विचारलं, "तुमचं गाव कोन्तं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं. मी गाव सांगितलं. म्हणाले, त्या गावात म्हशी चांगल्या असतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लोणारच्या रस्त्याला होतो. डॉक्टर बाहेर बघत शांत बसले होते. एकदम त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांबवा."

मला वाटलं लघवीला लागली असेल. मी गाडी कडेला घेतली. ते उतरले आणि रस्त्याच्या बाजूला एक झोपडीवजा घर होतं, त्याच्यापुढं बांधलेल्या गायीकडे सरळ चालत गेले. मी आणि बाई मागोमाग. मला त्या गायीत काही वेगळं दिसलं नाही, फक्त पोट जरा मोठं वाटलं. डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीवर बोटांनी टिचक्या मारल्या, कान जवळ नेला, पुन्हा मारल्या. घरातून गायीची मालकीण धावत बाहेर आली. तिला त्यांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं हिनं? ती म्हणाली, दावं सोडवून शेजारच्या ओल्या घासात घुसली होती.

"फुगली हाये," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. तो मी लहानपणी आमच्या गोठ्यात ऐकलेला आवाज होता. "खाले काई देऊ नका. गोडं तेल पाजा, बसू देऊ नका, पुढचे पाय उंचावर ठेवा. आन् दवाखान्यात फोन लावा लगेच, मागं राहू नका."

त्यांनी उभं राहून तेल पाजून घेतलं. गायीची मान कशी धरायची, ठसका न लागता तेल कसं सोडायचं, हे हातानं दाखवलं.  मालकीण फोन लावून परत आली आणि तिनं विचारलं, "तुम्ही कोन, बाबा?"

डॉक्टरांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, हे वानखडे डॉक्टर. त्यांनी ते ऐकलं आणि समाधानानं मान हलवली.

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम त्याच रस्त्यानं गेलो. गाय घराशेजारी उभी राहून कडबा खात होती. तिची मालकीण आम्हाला ओळखून बांधापर्यंत आली आणि हात जोडून गेली. डॉक्टरांनी तिला नमस्कार केला, पण त्यांना काहीच आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. म्हणून गाडी पुढं घेतल्यावर मी त्यांना ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. गाडी कशी थांबवायला लावली, कुशीवर टिचक्या कशा मारल्या, तेल कसं पाजलं. ते माझ्याकडे वळून बसून लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या डॉक्टरची गोष्ट ऐकावी तसे. 

"मंग," त्यांनी विचारलं, "गाय वाचली का?"

"वाचली, साहेब," मी म्हणालो.